हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

सध्या पोस्टिंग बंगळुरूला आहे. इथे मराठी माणसं भेटली की गप्पा ट्रॅफिकवर सुरू होतात आणि संगणकावर संपतात. मध्यंतरी ओळखीतल्या एका सांगलीच्या मुलानं विचारलं, "काका, ऑफिसात वीस संगणक रात्रभर नुसते चालू असतात. गुपचूप बोइंक टाकलं तर कुणाला कळणारही नाही, आणि विज्ञानाचं काम होईल. काय हरकत आहे?"

मुलगा सरळ आहे, हेतूही चांगला आहे. म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखादं प्रचंड गणित लहान तुकड्यांत फोडायचं, ते तुकडे जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांकडे पाठवायचे आणि उत्तरं परत गोळा करायची, अशी ही पद्धत. बोइंक हे त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर. मे १९९९ मध्ये बर्कली विद्यापीठानं 'सेटी ॲट होम' सुरू केलं आणि घरोघरचे संगणक परग्रहावरचे संदेश शोधू लागले. आम्ही तेव्हा खडकवासल्याला ड्रिल स्क्वेअरवर घाम गाळत होतो. ते काम मार्च २०२० मध्ये थांबलं. त्याच सुमारास कोरोनाच्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम'कडे लाखो लोकांनी आपले संगणक जोडले.

मला जवळचा वाटतो तो 'आइन्स्टाइन ॲट होम'. तो लायगोच्या नोंदींमध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी शोधतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे ती याच लायगोची भारतीय वेधशाळा. या प्रकल्पानं २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार शोधला. तो दोन ठिकाणच्या संगणकांवर सापडला: एक अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या घरचा, दुसरा जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातला. म्हणजे संस्थेतल्या संगणकांवर हे काम होऊच नये, असं मी म्हणत नाही.

माझा आक्षेप 'गुपचूप' या एका शब्दाला आहे.

बोइंकला निमूटपणे काम करायला सांगता येतं. कुणी कीबोर्डला हात लावला की थांब, प्रोसेसरचा अमुक टक्केच वाटा घे, रात्री दहा ते सकाळी सहाच चाल, असं सगळं ठरवता येतं. हा शेजाऱ्याला त्रास न देण्याचा शिष्टाचार झाला. पण निमूट वेगळं आणि गुपचूप वेगळं. पहिल्यात काम करणाऱ्याची अडचण टळते, दुसऱ्यात मालकाला अंधारात ठेवलं जातं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात. मानतात ना! पण गुप्तदानात देणाऱ्याचं नाव जगापासून लपतं; पैसे ज्याचे, त्याच्यापासून दान लपत नाही. दुसऱ्याच्या मालावर पुण्य कमावण्यासाठी आपल्या भाषेत वेगळी म्हण आहे, ती वर मथळ्यात दिली आहे.

"पण संगणक रिकामाच तर असतो!" फौजी माणसाला हे पटणं कठीण. क्विक रिॲक्शन टीम रात्रभर बूट घालून बसलेली असते. बाहेरच्याला ती रिकामी दिसते. तिचं तयार असणं हेच तिचं काम. राखीव आणि रिकामं यांतला फरक ज्याच्यावर जबाबदारी असते त्यालाच कळतो.

शिवाय फुकट काहीच नसतं. समजा, पूर्ण जोरात चालताना एक संगणक ६० वॅट जास्त वीज खातो. वीस संगणक, रोज दहा तास, म्हणजे दिवसाला १२ युनिट आणि महिन्याला ३६०. बिल कुणीतरी भरतंच.

बाहेर असे प्रकार घडून गेलेत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या यूएस वेस्ट या टेलिफोन कंपनीत एका कंत्राटी माणसानं २,५८५ संगणक मोठ्या मूळसंख्या शोधायला लावले. फोन नंबर शोधायला तीन ते पाच सेकंद लागायचे, तिथे पाच मिनिटांपर्यंत लागू लागले, असं कंपनीचं म्हणणं होतं. प्रकरण एफबीआयकडे गेलं. जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणक व्यवस्थापकानं असंच सॉफ्टवेअर बसवलं. २००२ मध्ये तडजोड होऊन ८० तास समाजसेवा आणि २,१०० डॉलर भरण्यावर सुटला. चोरी करायला दोघंही निघाले नव्हते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ हेच विचारतं: मालकाची किंवा ताबा असलेल्याची परवानगी होती का?

मला सर्वांत मोठा धोका वाटतो तो बदलीचा. फौजेत चार्ज सोडताना सुईपासून ट्रकपर्यंत सगळं लेजरवर मोजून देतो. गुपचूप बसवलेलं सॉफ्टवेअर कुठल्याच लेजरवर नसतं. बसवणारा नोकरी सोडून जातो, संगणक तिथेच राहतो. सुरक्षेतली एखादी फट बुजवायची वेळ आली तर ते तिथे आहे हेच नव्या माणसाला ठाऊक नसतं. फौजेच्या संगणकांबद्दल मी बोलतच नाही. तिथे हा प्रश्न उद्भवू नये, एवढं पुरे.

मग करायचं काय? एक पानाचा अर्ज लिहायचा. कोणता प्रकल्प, किती संगणक, कोणत्या वेळा, अंदाजे वीज किती, बंद कसं करायचं आणि जबाबदार कोण. साहेब 'नाही' म्हणाले तर विषय संपला.

आणि साहेबांनाही एक विनंती. अर्ज आला तर न वाचता 'नाही' लिहू नका. निदान दोन संगणकांवर महिनाभर चालवून बघा. आपली तरुण मुलं गुपचूप काही करतात, त्यामागे बऱ्याचदा सरळ विचारलं तर नकारच मिळेल ही खात्री असते. ती खात्री आपणच त्यांना दिलेली असते.

तोवर घरचा संगणक आहेच. माझा रात्री चालतो. वीज माझी, बिल माझं, आणि बायकोची परवानगी रीतसर घेतलेली आहे.