टाचणीखालची चिठ्ठी

गेल्या वर्षी आमचे एक स्नेही परदेशच्या सहलीहून परतले, तेव्हा त्यांनी काचेच्या चौकटीत बसविलेले एक निळे फुलपाखरू आम्हांस भेट दिले. त्यांचा भाव निर्मळ होता. परंतु आमच्या सौभाग्यवतींनी ती चौकट भिंतीवर लावू दिली नाही. “पावसाळ्यात दिव्यावर पतंग येऊ लागले की आपण दिवा मालवतो. त्याच घरात हे कसे शोभेल?” एवढेच त्या म्हणाल्या. मजजवळ उत्तर नव्हते. चौकट कपाटात ठेवताना मी सवयीने तिची मागची बाजू पाहिली. तेथे ना नाव होते, ना गाव, ना तारीख. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला बिनतारखेचा कागद नेहमीच खटकतो.

या निमित्ताने संग्रहालयांत जतन केलेल्या जुन्या फुलपाखरांविषयी थोडे वाचन घडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात एक पांढरे, करड्या ठिपक्यांचे फुलपाखरू आहे. विल्यम व्हर्नन नावाच्या गृहस्थांनी ते १७०२ साली केंब्रिजशायरमध्ये पकडले. टाचणीवर टिकून राहिलेल्या जगातील सर्वांत जुन्या कीटकांत त्याची गणना होते. तीनशे वर्षांहून अधिक काळ ते टिकले, यामागे अनेक पिढ्यांची निगराणी आहे. प्रकाशाने पंखांचे रंग विटतात, दमट हवेने बुरशी चढते आणि बारीक किडे वाळलेले शरीर पोखरून त्याचा भुगा करतात. म्हणून असे नमुने घट्ट झाकणाच्या खणांत, अंधारात ठेवावे लागतात.

अशा संग्रहांसाठी माणसांनी कर्जेही काढली आहेत. स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ केली. आपल्या अंगणातील लिंबावर आणि कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या ठिपकेदार फुलपाखराचे शास्त्रीय नावही त्यांनीच १७५८ साली दिले. त्यांच्या निधनानंतर त्यांचा संग्रह विक्रीस निघाला. जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुणाने वडिलांकडून पैसे घेऊन १७८४ साली तो सुमारे एक हजार गिनींना विकत घेतला. स्मिथ यांच्या पश्चात, १८२९ साली, लंडनच्या लिनियन सोसायटीने तोच संग्रह ३,१५० पौंडांना घेतला. त्यापायी झालेले कर्ज फिटायला १८६१ साल उजाडले! ज्या मालमत्तेवर एक पैशाचेही व्याज मिळायचे नाही, तिच्यासाठी एका संस्थेने बत्तीस वर्षे कर्ज वाहिले.

एवढे मोल कशाचे? सुंदर पंखांचे मोल थोडेच. प्रत्येक टाचणीवर, फुलपाखराच्या खाली, एक इवलीशी चिठ्ठी असते. कोठे सापडले, कोणत्या दिवशी, कोणी पकडले, एवढेच तीवर लिहिलेले असते. ही चिठ्ठी हरवली तर अभ्यासकाच्या लेखी त्या नमुन्याची किंमत जवळजवळ शून्य होते. चिठ्ठी शाबूत असेल तर लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेले प्रश्न पुढची पिढी तिला विचारू शकते.

याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सिस ब्लू नावाचे लहानसे निळे फुलपाखरू राहत असे. शहर वाढले, टेकड्यांवर घरे आणि रस्ते आले, आणि १९४० नंतरच्या काही वर्षांत ते दिसेनासे झाले. पुढे वाद उरला तो असा, की ही खरोखर स्वतंत्र जाती होती, की दुसऱ्या एका फुलपाखराचीच एकाकी पडलेली वस्ती? साक्ष द्यायला एकही जिवंत फुलपाखरू नव्हते. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मात्र १९२८ साली पकडलेला नमुना चिठ्ठीसह होता. त्याच्या उदराचा लहानसा तुकडा घेऊन अभ्यासकांनी जनुकीय तपासणी केली आणि २०२१ साली निर्णय प्रसिद्ध केला. जाती स्वतंत्रच होती. म्हणजे माणसाने घरे बांधता बांधता एक संपूर्ण कुळ पृथ्वीवरून पुसून टाकले होते. याच फुलपाखराचे नाव घेऊन १९७१ साली तेथे कीटकांच्या रक्षणासाठी झर्सिस सोसायटी स्थापन झाली. २०२४ साली त्याच परिसरात त्याच्या जवळच्या नात्यातील फुलपाखरे आणून सोडण्यात आली.

तरीही सौभाग्यवतींचा प्रश्न उरतोच. ज्ञानासाठी का होईना, जीव घेतला गेला. अहिंसेच्या शिकवणीत वाढलेल्या माणसाने त्यावर पांघरूण घालू नये. झालेली हिंसा चिठ्ठीमुळे पुण्य ठरत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात येते. व्हर्ननच्या टाचणीने एक फुलपाखरू गेले. सॅन फ्रान्सिस्कोत टाचणीशिवायच सगळी गेली. आणि ती गेली हे आज आपल्याला नेमके ठाऊक आहे, ते जपलेल्या चिठ्ठीमुळे. जो जीव गेला, त्याची साक्ष तरी फुकट जाऊ नये, एवढे कर्तव्य संग्रहालये पार पाडतात. आता तर अनेक नोंदी कॅमेऱ्यानेच होतात. फुलपाखरू उडून जाते. स्थळ, दिनांक आणि चित्र तेवढे मागे राहते.

आमच्या कपाटातील चौकटीला मात्र हे कोणतेच समाधान नाही. जीव गेला आणि साक्षही राहिली नाही. कोणता अभ्यासक तिचे काय करणार? वाचकांना एवढेच विनवितो, की सहलीत अशी चौकट कितीही मोहक दिसली तरी ती घेऊ नये. मागणी थांबली की पुरवठा थांबतो, हे व्यापारी कुटुंबांना मी सांगावे असे नाही.

स्नेह्यांना मी अजून काही बोललो नाही. हा अंक त्यांच्याही घरी जातो.