बांबू आपल्या जातीचा, नाव मात्र इंग्लंडच्या दुकानाचे

उत्तर इंग्लंडमधील ॲनिक गावात 1872 मध्ये विल्यम हार्डी यांनी बंदुकांचे दुकान थाटले. भाऊ जॉन जेम्स सोबतीला आला आणि दुकान गाजले ते गळाच्या काठ्यांसाठी. ‘हार्डी’च्या जुन्या बांबूच्या काठ्या संग्राहक आजही शोधत असतात. याचा वऱ्हाडाशी संबंध काय?

संबंध बांबूचा आहे. या काठ्या अख्ख्या बांबूच्या नसत. बांबू चिरून त्रिकोणी छेदाच्या सहा पट्ट्या काढायच्या, सालीची बाजू बाहेर ठेवून चिकटवायच्या आणि षट्कोनी, भरीव काठी घडवायची. बांबूचा चिवट धागा सालीलगत दाट असतो, म्हणून हा खटाटोप. एक पट्टी केसभर जाड राहिली तरी काठीचा तोल बिघडतो.

एकोणिसाव्या शतकात असे कारागीर भारतातून येणारा बांबू वापरत. जातीने तो मानवेल मानला जातो. मेळघाटच्या डोंगरात वाढतो तोच. त्याला नाव पडले ‘कलकत्ता केन’, म्हणजे ज्या बंदरातून माल निघाला त्याचे. जंगल कुठले, तोडणारा कोण, हे त्या नावात नव्हतेच. पुढे दक्षिण चीनमधला सरळ, दाट धाग्याचा बांबू आला आणि आपला मागे पडला. त्या चिनी बांबूलाही नाव चिकटले ते व्हिएतनाममधल्या टोंकिनचे! आज हार्डीच्या काठ्या कार्बन फायबरच्या असतात. बांबू गेला, कारागिराचे नाव टिकले.

वऱ्हाडात नेमके उलटे झाले आहे. बांबू आहे, बुरडांचा हात आहे, नाव नाही. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांच्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांना घडवून काय होऊ शकते ते दाखवले. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे शेतकऱ्याची मोठी अडचणही कमी झाली. तरी नुसती रोपे मोजून भागणार नाही. कापलेल्या बांबूची वय, जाडी, पेरांप्रमाणे निवड करणारे आणि वस्तूवर कारागिराची खूण उमटवणारे केंद्र तालुक्याला एक तरी हवे.

अकोल्याच्या बाजारात सूप घेणाऱ्याला ते कुणाच्या हातचे, हे आजही विचारूनच कळते. विकणाऱ्याला ठाऊक असले तर.