मागावरचा मुलगा आणि गांवाकडील माता

आईबापांचा सांभाळ करणें हा मुलाचा धर्म आहे, हें आमच्या लोकांस कोणा कायदेपंडितानें शिकवावयास नको होतें. तथापि २००७ सालीं त्याचाही कायदा झाला. त्या अन्वयें वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचा भार सज्ञान मुलांवर ठेवण्यांत आला आणि त्यांस टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगण्यांत आली. कायदा योग्यच आहे. परंतु भिवंडीच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या परप्रांतीय मजुराकडे पाहिलें म्हणजे एक प्रश्न आम्हांस स्वस्थ बसूं देत नाहीं. आईस टाकूं नकोस, असें मुलास बजावणारें सरकार त्याच मुलास आईच्या भेटीपुरती सवड मिळवून देतें काय?

या शहराची स्थिति वाचकांच्या डोळ्यांसमोरच आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेले हजारों मजूर येथें बारा बारा तासांच्या पाळीनें राबतात. एकानें सहा सहा, आठ आठ माग सांभाळावयाचे. एका पाळीचा मजूर उठला कीं दुसऱ्या पाळीचा त्याच खोलींत आडवा होतो. मजुरी विणलेल्या मीटरवर. माग थांबला कीं ती थांबली. अशा मनुष्यास गांवीं जाणें म्हणजे तिहेरी दंड आहे: गाडीभाडें जावयाचें, महिन्याची मजुरी बुडावयाची, आणि परत आल्यावर आपला माग दुसऱ्याच्या हातीं गेलेला पाहावयाचा. म्हणून यंदाचें जाणें पुढील वर्षावर पडतें. पैसा मात्र नेमानें जातो. फोनवर आई आपलें दुखणें लपविते, मुलगा आपला खोकला लपवितो. शेवटचा निरोप येतो तेव्हां हा दीड दिवसाचा प्रवास करून पोहोंचतो, तों अंत्यविधि उरकून गेलेला असतो.

हें दुःख परक्यांचें आहे, असें मराठी मनुष्यानें तरी म्हणूं नये. रत्नागिरीच्या कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेल्या आणि त्यांच्या आया मनिऑर्डरीवर व गणपतीच्या रजेच्या आशेवर जगल्या. खुद्द भिवंडीचा हा धंदा तरी कोणी वाढविला? १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं आणि त्यांच्यामागून आलेल्या तेलगू पद्मशाली विणकरांनीं! घर सोडून आलेल्यांच्या हातांवरच हें गांव उभें आहे.

दूरदेशीं राबणाऱ्या मुलाचा आणि त्याच्या आईचा हा वियोग आमच्याच देशांत आहे असेंही नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मोझांबिकचे मजूर जात, त्यांच्यासंबंधीं पोर्तुगीज व दक्षिण आफ्रिका या दोन सरकारांनीं १९२८ सालीं करार केला. मजुरास अठरा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचें नाहीं आणि त्याच्या मजुरीचा कांहीं भाग तो मायदेशीं परतल्यावरच द्यावयाचा, असें त्यांत ठरलें. यांत मातृप्रेमाचा लवलेश नव्हता. एका सरकारास काळा मजूर आपल्या भूमींत कायमचा नको होता. दुसऱ्यास त्याचा पैसा आपल्या मुलखांत खर्च व्हावयास हवा होता. पण त्या स्वार्थी व्यवस्थेंतही खाणकामगाराच्या आईस मुलाच्या परतण्याची मुदत ठाऊक होती. स्वतंत्र भारतांतील मागवाल्याच्या आईस ती ठाऊक नसावी, ही आम्हांस लज्जेची गोष्ट वाटते.

आतां कायदा पाहूं. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा प्रवासभत्ता देत असे. परंतु तो कंत्राटदारानें भरती करून आणलेल्यांस. भाऊबंदांच्या ओळखीनें आपण होऊन आलेला मागवाला त्याच्या बाहेर राही. २०२० च्या नव्या संहितेनें, जी नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली, आपण होऊन आलेल्यासही स्थलांतरित मानलें आणि वर्षांतून एकदां गांवीं जाण्यायेण्याचें भाडें मालकानें द्यावें असें सांगितलें. सुधारणा खरी, पण तिला एक अट आहे. ज्या कारखान्यांत असे मजूर दहा किंवा अधिक, तेथेंच ती लागू. आमच्या गल्लोगल्लींच्या लहान शेडींत हा आंकडा कितीदां भरणार? नऊ मजुरांच्या मातांस माता न मानणारा कायदा पुरा झाला, असें आम्ही म्हणणार नाहीं.

यंत्रमागधारक म्हणतील, आम्हीही दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनेंच कापड विणतों. विजेचें बिल भरतांना नाकीं नऊ येतात. वर हा बोजा कोठून सोसावा? त्यांची अडचण खोटी नाहीं. म्हणूनच हा भार एकट्या लहान मालकावर न टाकतां सूत देणाऱ्या व कापड उचलणाऱ्या व्यापाऱ्यानेंही त्यांतला वांटा उचलावा. शिवाय २०२० ची आठवण त्यांनीं ठेवावी. टाळेबंदींत माग थांबले, मजुरी बंद झाली, आणि मे महिन्याच्या आरंभीं भिवंडीहून गोरखपूरकडे मजुरांची खास गाडी सुटली. पुढें माग सुरू करावयाचे झाले तेव्हां हात कमी पडले. परतण्याचा भरंवसा देऊन पाठविलेला मजूर परत येतो. हाल होऊन गेलेला येतोच असें नाहीं. हा दयेचा नव्हे, व्यापाराचाही हिशेब आहे.

आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. सरकारनें दहाची अट काढावी. प्रत्येक शेडींत मजुराचें नांव व काम लिहिलेली वही असावी, म्हणजे हक्क मागतांना पुरावा राहील. आणि कायद्याची वाट न पाहतां येथील मालकांनीं व व्यापाऱ्यांनीं एकत्र बसून ठराव करावा कीं, वर्षभर राबलेल्या प्रत्येक मजुरास एकदां भाडें, पंधरा दिवसांची मजुरी आणि परत आल्यावर त्याचाच माग मिळेल. मुलाचें कर्तव्य कायद्यानें ठरविलें आहे. तें पार पाडण्याची वाट मोकळी करणें हें त्याच्या श्रमांवर घर चालविणाऱ्या आम्हां सर्वांचें कर्तव्य आहे.