आवाज चालतो, चित्र अडतं

गेल्या महिन्यात आमच्या घरातून ३५ हजार रुपये बाहेर पडता पडता राहिले. पैसे भिशीचे. मागच्या पडवीचे पत्रे बदलायला म्हणून बाजूला काढलेले. पण थोरलीचं दहावीचं वर्ष! शाळेतून आली की ती विज्ञानाचे नि भूमितीचे पाठ लॅपटॉपवर बघते. हा लॅपटॉप धाकट्या भाऊजींनी २०१३ साली घेतलेला. त्यांनी नवा आणल्यावर आमच्याकडे आला.

रोज संध्याकाळी तेच गाऱ्हाणं. "आई, चित्र उड्या मारतंय, सर काय काढतायत तेच कळत नाही." पोळ्या लाटता लाटता मी म्हणायची, "लक्ष नसलं की असंच होतं!" स्वतः अर्धवेळ का होईना, शिक्षिका असून असं बोलले, याची आज लाज वाटते. एके दिवशी तिनं मुकाट्यानं वही मिटली. तेव्हा मी गॅस बंद करून शेजारी जाऊन बसले. पोरीचं खरं होतं. सर पट्टी ठेवायचे आणि पुढच्या क्षणी त्रिकोण तयार! मधली रेघ कुठून कुठे ओढली, ते गायब. भूमितीत सगळी गंमत त्या मधल्या रेघेतच असते ना!

ह्यांनी आसनगावहून येता येता दुकानात चौकशी केली, तर "नवाच घ्या." शेजारी म्हणाले, "नेटचा मोठा प्लॅन घ्या." दोन्हींकडे पैसेच. मी म्हटलं, आधी दुखणं तर कळू दे, मग औषध.

आमचं सापगाव भातसा नदीच्या काठी. त्यामुळे मला पाण्याचीच उपमा सुचते. नेट म्हणजे नळाचं पाणी आणि लॅपटॉप म्हणजे आपली कळशी. पाणीच कमी येत असेल, तर कळशी बदलून काय उपयोग? आणि पाणी जोरात असून कळशीचं तोंड अरुंद असेल, तर नळ मोठा करून काय होणार?

आता ओळखायचं कसं? चित्र आणि आवाज दोन्ही थांबून पडद्यावर गोल फिरायला लागला, तर बहुधा नेट कमी पडतंय. आवाज सुरळीत चालला आणि चित्र तेवढं अडखळलं, तर बहुधा लॅपटॉप दमलाय. खात्री करायला तोच पाठ त्याच वायफायवर, त्याच जागी बसून मोबाइलवर लावा. आमच्या मोबाइलवर तो लोण्यासारखा चालला. म्हणजे नेटचा प्लॅन निर्दोष!

तुमच्याकडे नेटच अडत असेल, तर लॅपटॉप वायफायच्या डबीजवळ नेऊन पाहा. मधल्या भिंती जोर खातात. वायरनं जोडता आलं तर फारच छान.

लॅपटॉप दमतो, त्याचं कारण असं. व्हिडिओ आपल्याकडे घट्ट घडी घालून येतो आणि लॅपटॉपला ती घडी सेकंदाला २५-३० वेळा उलगडावी लागते. एच.२६४ नावाची घडी २००३ सालची. ती उलगडायची वेगळी सोय जुन्या लॅपटॉपमध्येही असते. पुढे २०१३ मध्ये व्हीपी९ आणि २०१८ मध्ये एव्ही१ अशा आणखी घट्ट घड्या आल्या. त्यांची सोय जुन्या यंत्रात नसते, म्हणून सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तो मागे पडला की मधली चित्रं गाळून पुढे पळतो. आमचा त्रिकोण तिथेच हरवत होता.

आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगते.

१. यूट्यूबच्या चित्राखालच्या दातेरी चाकावर जाऊन क्वालिटी १०८० वरून ४८० केली. अक्षर किंचित मऊ दिसतं, पण फळा वाचता येतो. शिवाय १०८० ला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट नेट लागतं, तिथे ४८० ला १ च्या थोडं वर पुरतं. आकड्यापुढे ६० लिहिलेलं असेल, तर ते जुन्या लॅपटॉपला टाळाच. त्यात चित्रं दुप्पट असतात.

२. ब्राउझरच्या उघड्या राहिलेल्या खिडक्या बंद केल्या. चक्क १७ होत्या! कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की कोण किती भार टाकतंय त्याची यादी दिसते.

३. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम या सदरात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन असतं. ते चालू हवं. मात्र चालू असताना चित्र फाटत किंवा हिरवं होत असेल, तर बंद करून पाहा.

४. लॅपटॉप गादीवरून उचलून पाटावर ठेवला. गादीनं खालची झरोक्यांची जाळी बुजते, लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवायला कामाचा वेग कमी करतो. बंद करून, चार्जर काढून, जाळीतली धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटकली. ओलं फडकं मुळीच लावू नका. आतून उघडायचं असेल, तर ते काम कारागिराचं.

खर्च शून्य! पाठ एकसारखा चालू लागला.

एक मात्र लक्षात ठेवा. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून अशा जुन्या लॅपटॉपवर पाठ बघा, पण बँकेचे व्यवहार नकोत.

परवा लेकीनं मला बोलावून त्रिकोणातली ती मधली रेघ दाखवली. "दिसली का आता?" मी म्हटलं, "दिसली. आणि माझी चूकही दिसली, बरं का." ती हसली. पत्रे पावसाआधी बदलायचे ठरलेत. मूल "दिसत नाही" म्हणालं, तर मैत्रिणींनो, आधी शेजारी बसून बघा. बोलणी त्यानंतर!