पोपट निवडताना

‘आफ्रिकन ग्रे हुशार, कोकॅटिल प्रेमळ, काकाकुवा लाडिक’ अशी बिरुदे लावूनच हल्ली पोपट विकले जातात. प्रजातीवरून काही गोष्टी कळतात, हे खरे. ग्रे चाळीसहून अधिक वर्षे जगू शकतो, काकाकुव्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो; लोक ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात तो बजरीगर छोट्या घरातही मावतो. स्वभाव मात्र ज्या त्या पक्ष्याचा असतो. आयरिन पेपरबर्ग यांचा ग्रे पोपट अ‍ॅलेक्स वस्तूचा रंग, आकार ओळखून सांगे, म्हणून दुकानातला प्रत्येक ग्रे बोलेलच असे नाही. पिल्लू कसे वाढले, माणसांना किती सरावले, दिवसाचे किती तास एकटे राहणार, यावर बरेच ठरते. कंटाळलेला पोपट स्वतःचीच पिसे उपटतो. तेव्हा घरी आणण्यापूर्वी त्याच पक्ष्याजवळ दोन-तीनदा जाऊन बसावे. तो जवळ येतो की अंग चोरतो, डोळे-नाकपुड्या स्वच्छ आहेत का, हे पाहावे. सिटॅकोसिस हा आजार पोपटाकडून माणसाच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो. आपला हिरवा राघू मात्र या निवडीत येतच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो कितीही गोड ‘विठू विठू’ म्हणो.