घर पक्के झाले. राहण्याजोगे झाले का?

१९९२ सालच्या जून महिन्यात पश्चिम राजस्थानातील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी या नात्याने मी इंदिरा आवास योजनेतील घरांची पाहणी करीत होतो. एका ढाणीवर नुकतेच पूर्ण झालेले घर मला दाखविण्यात आले. सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंती, वर दगडी पट्ट्यांचे छत, दारावर लाभार्थीचे नाव. आत मात्र चारा रचून ठेवलेला होता. ज्या वृद्ध विधवेला हे घर मंजूर झाले होते, ती शेजारच्या गोल, मातीच्या, गवताने शाकारलेल्या जुन्या झोपडीतच राहत होती. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘साहेब, सरकारने घर दिले, मोठे उपकार झाले. पण ते दिवसा तव्यासारखे तापते आणि रात्रीही निवत नाही.’’ मी पाहणीच्या अहवालात ‘लाभार्थींमध्ये जागृतीचा अभाव’ असा शेरा लिहिला आणि पुढच्या गावाकडे निघालो.

तो शेरा मला पुन्हा आठवला तो निवृत्तीनंतर जयपूरमध्ये स्वतःचे घर बांधायला घेतले तेव्हा. नकाशा मंजुरीच्या अर्जात सोडावयाच्या मोकळ्या जागा, इमारतीची उंची, वाहनतळ, चटईक्षेत्र या सर्वांची विचारणा होती. सूर्य कोणत्या बाजूने येतो, छतातून किती उष्णता आत उतरेल, वारा कोठून वाहील, याविषयी एकही रकाना नव्हता. कंत्राटदाराने आणलेल्या आराखड्यात पश्चिमेला मोठी काचेची खिडकी होती आणि चारही शयनगृहांत वातानुकूलन यंत्रांसाठी आधीच भोके ठेवलेली होती. घर तापणार हे त्याने गृहीतच धरले होते. मग माझ्या ध्यानात आले की, त्या ढाणीवर जागृतीचा अभाव होता खरा. पण तो माझ्या बाजूला होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा विसर कसा पडला, याचे कोडे वाटते. ज्या शहरात मी घर बांधत होतो ते सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविले. जुन्या शहरातील हवेल्यांत जाड भिंती, मधला चौक, दगडी जाळ्या आणि भिंतीबाहेर आलेले छज्जे दिसतात. इंग्रज अधिकाऱ्यांनीही उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळ्याशी तडजोड केली ती रुंद व्हरांडे, उंच छते आणि पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे यांच्या आधारे. यात पर्यावरणप्रेम शोधण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे दुसरा उपायच नव्हता. घराने उष्णता अडविली नाही तर ती अंगावर घ्यावी लागे.

हा उपाय बदलला तो सिमेंट आणि वीज या दोन गोष्टी हाताशी आल्यावर. माझ्या पिढीला परवान्यावर मिळणारे सिमेंट आठवत असेल. १९८२ मध्ये त्यावरील नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. पाठोपाठ काश्मीरपासून केरळपर्यंत एकाच साच्याचे सपाट छताचे घर प्रगतीचे चिन्ह ठरले. हवामानाचा विचार करण्याचे काम भिंतींकडून काढून घेऊन आपण यंत्राकडे सोपविले. ज्याला यंत्र परवडत नाही, त्याच्या वाट्याला केवळ साचा आला.

यातील भौतिकशास्त्र शाळकरी आहे. उन्हाळ्यात जयपूरच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. २१ जूनला त्याची उंची ८६ अंशांहून अधिक असते, तर २१ डिसेंबरला सुमारे ४० अंश. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवरील साधा छज्जा जूनचे ऊन बाहेर ठेवतो आणि डिसेंबरचे आत येऊ देतो. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याला जुमानत नाही. तेथे खिडक्या लहान हव्यात, अथवा बाहेरून आडोसा हवा. दिवसभर सर्वाधिक उष्णता झेलते ते छत, आणि साठविलेली उष्णता ते रात्री खोलीत सोडते. त्या वृद्धेचे ‘रात्रीही निवत नाही’ हे वाक्य एखाद्या अभियंत्याच्या टिपणीत शोभावे इतके अचूक होते.

एकच उत्तर साऱ्या देशाला लागू पडणार नाही, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. जैसलमेरला जाड भिंत आणि सावली हवी. तिरुवनंतपुरमला घाम वाळविणारा वारा हवा. लॉरी बेकर या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे भारतीय झालेल्या वास्तुरचनाकाराने हे नेमके ओळखले होते. गावाच्या पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून घर उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर प्रमाण मानला. तिरुवनंतपुरममधील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था त्यांनी बांधली. तेथे खिडक्यांच्या जागी विटांच्या जाळ्या आहेत आणि वारा त्यांतून खेळत राहतो. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या की भिंतीच्या पोटात पोकळी राहते, उष्णता अडते आणि विटाही सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात. स्लॅबच्या खालच्या भागातील जे काँक्रीट फारसा भार पेलत नाही, त्याच्या जागी जुनी मंगलोरी कौले घालण्याची त्यांची रीत तर काटकसरीचा धडाच आहे. १९९० मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सरकारी बांधकामाच्या दरसूचीत मात्र त्यांच्या पद्धतींना देशभर स्थान मिळाले नाही.

हा प्रश्न आजच तातडीचा का? २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या शीतकरण कृती आराखड्यानुसार २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज सुमारे आठपट होणार आहे. दुसरीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ग्रामीण आवास योजनेत आणखी २ कोटी आणि शहरी योजनेत १ कोटी घरांना मान्यता दिली. एकदा बांधलेले घर चाळीस-पन्नास वर्षे उभे राहते. म्हणजे येत्या काही वर्षांत आपण जी छते घालू, ती पुढच्या दोन पिढ्यांचे विजेचे बिल आणि त्यांची रात्रीची झोप ठरविणार आहेत.

कायदे नाहीत असे नाही. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली आणि भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घातली. पण ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यातील उंबरठा १०० किलोवॅट जोडभाराचा आहे. राज्यांना तो खाली आणता येतो, परंतु पाच-सात किलोवॅटचे मध्यमवर्गीय घर किंवा दोन दिव्यांचे घरकुल या चौकटीबाहेरच राहते. उष्णतेपासून संरक्षणाची ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांच्याच घराला नियम नाही.

छतावरील सौर विजेच्या योजनेचे मी स्वागत करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण त्याच गच्चीवरील उष्णता परतवून लावणाऱ्या पांढऱ्या लेपाला तिच्यात स्थान नाही. तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि रात्री सूर्य वीज देत नाही. आधी गरज कमी करावी, मग पुरवठा वाढवावा, हा क्रम आपण उलटा लावला आहे.

प्रशासनात तीन दशके काढलेल्या माणसाने केवळ खंत व्यक्त करून थांबू नये. म्हणून तीन सूचना करतो. पहिली, ग्रामीण आवास योजनेत प्रत्येक टप्प्याचे स्थाननिश्चित छायाचित्र घेतल्यावर हप्ता मिळतो. त्याच तपासणीत छताला उष्णतारोधक थर वा चुन्याचा पांढरा लेप आहे का आणि समोरासमोर खिडक्या आहेत का, हे दोन प्रश्न घालावेत. त्यासाठीचा खर्च मात्र अनुदानात वाढवून द्यावा. दुसरी, राज्यांनी नगरपालिकांच्या नकाशा मंजुरीत दिशा, सावली आणि छत यांविषयी एक पानी तक्ता सक्तीचा करावा. तिसरी, पोकळ भिंत, चुना, दाबलेल्या मातीच्या विटा यांना दरसूचीत दर द्यावेत आणि गवंड्यांना त्यांचे प्रशिक्षण द्यावे. दरसूचीत जे नाही ते कनिष्ठ अभियंता मोजत नाही, आणि जे मोजले जात नाही ते बांधले जात नाही. ग्रामविकास मंत्रालयाकडे ‘पहल’ नावाचा प्रदेशनिहाय घरांच्या आराखड्यांचा संग्रह तयार आहे. तो तालुक्याच्या पातळीवर वापरात यावा, एवढेच उरले आहे.

हे अशक्य नाही. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छतांचे राज्य धोरणच स्वीकारले.

यावर एक आक्षेप योग्य आहे आणि तो मी नाकारत नाही. मातीचे घर दरवर्षी लिंपावे लागते आणि ते कष्ट बायकांच्या माथी येतात. गवताला आग लागते, वाळवी लागते. पक्के घर ही गरिबाची प्रतिष्ठा आहे, आणि थंडाव्याच्या नावाखाली त्याला पुन्हा झोपडीत ढकलणे हा अन्याय ठरेल. परंतु निवड झोपडी आणि भट्टी यांतून करायची नाही. पक्के आणि राहण्याजोगे, दोन्ही एकाच भिंतीत बसते. त्यासाठी भिंत बांधण्याआधी विचार करावा लागतो.

माझ्या घराची पश्चिमेची खिडकी मी काढून टाकली आणि त्या बाजूला जिना व कोठीची खोली नेली. भिंती पोकळ आहेत, गच्चीवर चुन्याचा पांढरा थर आहे. कर्ज देणाऱ्या बँकेच्या मूल्यांकनकर्त्याने या भिंतींना ‘अप्रमाणित बांधकाम’ म्हटले आणि कर्जाची रक्कम कमी केली. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या छापील तक्त्यात तसा रकाना नव्हता. वातानुकूलन यंत्र एकाच खोलीत आहे आणि मे-जूनच्या मोजक्या रात्रीच ते चालते. मला हा बदल करता आला, कारण आराखडा परत पाठविण्याची ऐपत आणि अधिकार माझ्यापाशी होते. त्या ढाणीवरील वृद्धेकडे यांपैकी काहीही नव्हते. आराखडा मान्य नसल्याचे ती घरात चारा भरूनच सांगू शकत होती. तिने ते सांगितले होते, आणि मी ते जागृतीच्या अभावाखाली नोंदविले.