भोपळ्याचा तंबोरा, पट्ट्यांचे मॅंडोलिन

१९३७ च्या दिवाळीत मुंबईच्या कुडाळकरांकडे मुलगा झाला. दिवस लक्ष्मीपूजनाचा, म्हणून नाव लक्ष्मीकांत ठेवले. लक्ष्मी मात्र घरात यायला तयार नव्हती. वडील लवकर वारले, शाळा सुटली आणि पोराच्या हाती आले ते मॅंडोलिन. पुढे मंगेशकरांच्या बालकलाकारांच्या केंद्रात व्हायोलिन वाजवणाऱ्या प्यारेलालशी त्याची गाठ पडली आणि १९६३ च्या ‘पारसमणी’पासून ती जोडी घराघरांत पोचली.

या दोन वाद्यांचे नातेही जवळचेच. मॅंडोलिनच्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांनी, अगदी व्हायोलिनच्याच स्वरांत लावतात. एकाला गज, दुसऱ्याला नखी, एवढाच काय तो फरक. इटलीतल्या नेपल्स शहरी व्हिनाच्चिया नावाच्या घराण्याने अठराव्या शतकात या वाद्याला आजचे रूप दिले. पुढे तिकडे मॅंडोलिनांचे ताफेच्या ताफे निघाले : पहिली मॅंडोलिने, दुसरी मॅंडोलिने, त्यांच्याहून खर्जातले मांडोला आणि त्याहूनही खर्जातले मांडोचेलो. जपानच्या विद्यापीठांत असे मेळे आजही आहेत.

मॅंडोलिनची तार छेडली की नाद लगेच विरतो. म्हणून नखी भराभर हलवून स्वर धरून ठेवावा लागतो. आपल्या रागसंगीताला हवी असते मींड! तरीही सज्जाद हुसेन यांनी त्यावर राग वाजवून दाखवले, आणि दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी तर जोडतारा काढून टाकल्या, विजेचे मॅंडोलिन घेतले आणि अख्खे कर्नाटक संगीत त्यात बसवले. वाद्य हट्टी असले तर वाजवणाराही तितकाच हट्टी हवा.

पण मला अधिक मौज वाटते ती मॅंडोलिनच्या गोल पाठीची. लाकडाच्या पातळ पट्ट्या तापवून वाकवायच्या, साच्यावर एकीला एक सरसाने चिकटवायच्या; केवढा खटाटोप! आपल्या मिरजेच्या कारागिराला मात्र हे पोट शेतातून तयार मिळते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा महिनोन् महिने वाळवला की झाले. अर्थात ‘झाले’ म्हणणे सोपे. भोपळा निवडणे, कापणे, त्यावर तूनाच्या लाकडाची तबली आणि दांडी बसवणे, नक्षी, रंग, आणि शेवटी जवारी.

ही जवारी म्हणजे सगळ्याचा प्राण. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानसीने इतका हलका उतरता करायचा, की तार तिला ओझरती शिवत राहावी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवीत गेले की एका ठिकाणी नाद एकदम फुलतो. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत हजारावा सुटा भाग पहिल्यासारखा नसेल तर तो बाद! इथे दोन भोपळे एका मापाचे सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक तंबोऱ्याची जवारी नव्याने, कानानेच काढावी लागते. हा कान कोणत्या मोजपट्टीने मोजणार?

मिरजेत हे काम करणारे मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले, असे तिथे सांगतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले. लक्ष्मीकांतच्या जन्माआधी जेमतेम आठवडाभर, २७ ऑक्टोबर १९३७ ला, ते गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. छान झाले. पण मानांकनाने नावाला संरक्षण मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. घरोघर आता तंबोऱ्याचे काम विजेची पेटी करते, नाही तर खिशातला मोबाइल. स्वर तंतोतंत, किंमत थोडी, गवसणीचीही गरज नाही. कारागिराच्या मुलाने मग वर्षानुवर्षे कानस धरून का बसावे, याचे उत्तर गाणे शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांनाच द्यावे लागेल.

कुणाच्या घरी माळ्यावर आजोबांचा तंबोरा असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात घालू नका. भोपळ्याला चीर असली तरी ती सांधता येते. तारा सैल करा, उन्हात ठेवू नका, आणि मिरजेचा रस्ता पुण्याहून काही फार लांबचा नाही.